एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज: खरं ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला कुणी दिलंय का?

वाघूरकाठ (भुसावळ) | ८ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आषाढी झाली, मुहूर्त थांबले. आता तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला जरा उसंत आहे, तेवढ्यात एक काम मार्गी लावायचंय.

माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा धंदा आहे. मागच्या हंगामात विंडोजच्या मशीनमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला. सकाळी उठून बघतो तर सगळ्या फायलींची नावं बदललेली, एकही उघडेना. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला लावलेली होती, तीही गेली. त्यात एका लग्नाचं हळदीपासून पाठवणीपर्यंतचं फुटेज होतं. नवरीचे आजोबा त्या लग्नानंतर महिनाभरात वारले. घरची माणसं दुकानात आली. म्हणाली, बाबा आशीर्वाद देतात तेवढा तुकडा तरी द्या. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ते अजून टोचतं.

तेव्हाच ठरवलं, फुटेज विंडोजच्या हातात ठेवायचंच नाही. नव्या मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, ८ टीबीच्या २ डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये मिरर केल्या (दोन्हींवर तेच), दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फायलींची जपलेली प्रत. हे छान चाललंय. घोडं अडलंय एडिटिंगपाशी. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उघडत नाही, आणि माझे कॅमेरे तेच देतात. मिक्सिंगचं नेहमीचं सॉफ्टवेअर तर फक्त विंडोजवर चालतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) विंडोज टाकून पाहिलं, टाइमलाइन जागची हलत नाही.

मग कळलं की खरं कार्डच व्हर्च्युअल मशीनला देता येतं. ३ रात्री त्यावर घालवल्या. मशीन असं: रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड. सुरू करायला गेलो की 'ग्रुप नॉट व्हायेबल' म्हणून एरर. एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून गटातलं सगळंच देऊन पाहिलं, तर लिनक्सची लॅन आणि डिस्क दोन्ही गायब. शेवटी बटण दाबून बंद केलं. झेडएफएस शाबूत राहिलं हे नशीब.

सांगा, हे करण्यासारखं आहे का? की सरळ दुसरं मशीन घेऊ?

पारोळेकर | ८ जुलै, रात्री १०:४१

ड्युअल बूट कर आणि मोकळा हो, भाऊ.

वाघूरकाठ | ८ जुलै, रात्री १०:५०

@पारोळेकर, ड्युअल बूटमध्ये विंडोज सुरू असताना लिनक्स झोपलेलं असतं. स्नॅपशॉट कोण घेणार? आणि त्या वेळी डिस्क विंडोजच्याच ताब्यात. ज्यासाठी हा खटाटोप, तेच राहून जातं.

गिरणाकाठ (चाळीसगाव) | ८ जुलै, रात्री ११:०५

करण्यासारखं आहे. मी ४ वर्षं असंच मशीन रोज वापरतोय. फक्त फायलींत खाडाखोड करण्याआधी आयओएमएमयूच्या (उपकरणांना रॅमचे पत्ते बदलून देणाऱ्या भागाच्या) गटांची यादी इथे टाक. कार्ड कोणत्या गटात आहे आणि त्या गटात शेजारी कोण कोण आहेत, एवढं कळलं की निम्मं काम झालं. ते न बघता बाकीच्या ओळी कॉपी करत बसणं म्हणजे विहिरीला पाणी आहे का ते न बघता मोटर बसवणं.

अमळनेरची_लेक (हल्ली पुणे) | ९ जुलै, सकाळी ७:३०

वाघूरकाठ दादा, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही माझ्या आत्याच्या लग्नाची एकच कॅसेट आहे, आणि तिच्यात दिसणारी निम्मी माणसं आता नाहीत.

'ग्रुप नॉट व्हायेबल' का येतं ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये वाचतं आणि लिहितं, त्याला डीएमए म्हणतात. व्हर्च्युअल मशीनला वाटतं आपली रॅम शून्य पत्त्यापासून सुरू होते, प्रत्यक्षात ती कुठेतरी मधेच असते. कार्डाला हे माहीत नसतं. पाहुण्या विंडोजनं दिलेल्या पत्त्यावर ते सरळ लिहायला गेलं, तर यजमान लिनक्सची मेमरी चिरडेल. म्हणून मधे आयओएमएमयू बसतं आणि प्रत्येक पत्ता बदलून देतं. इंटेलकडे त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. लिनक्समध्ये हे सगळं व्हीएफआयओ सांभाळतं, २०१२ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.६ पासून ते आत आलं.

आता मुद्दा गटाचा. काही उपकरणं एकाच पुलामागे (ब्रिजमागे) अशी बसलेली असतात की ती आपसात काय बोलतात ते आयओएमएमयूला दिसत नाही. ज्यांना वेगळं राखण्याची हमी देता येत नाही, ती सगळी एका गटात. आणि गट अर्धा यजमानाकडे, अर्धा पाहुण्याकडे असा देता येत नाही.

पांझरेचं_पाणी (धुळे) | ९ जुलै, सकाळी ९:१२

ताईंनी छान सांगितलं. आपल्याकडच्या माणसाला हे फडावरून लगेच समजेल. पांझरेवर बंधारे घालून जी जुनी फड बागायत आहे, तिच्यात सगळं शिवार फडांत वाटलेलं असतं. एका फडात दहा जणांची शेतं असली तरी पीक एकच. या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात भुसार तर सगळ्यांचं भुसार. कारण पाणी फडाला एकत्र सुटतं. मधल्या एकानंच वेगळं पीक घ्यायचं म्हटलं तर त्याला वेगळं पाणी देणार कसं? आणि पाणी कुणी कधी घ्यायचं ते पाटकरी ठरवतो, शेतकऱ्यानं परस्पर पाट फोडायचा नाही.

आयओएमएमयू म्हणजे तो पाटकरी, आणि गट म्हणजे फड. भाऊनं पूर्ण फड विंडोजला देऊन टाकला, त्यात लिनक्सचीच लॅन आणि डिस्क होती. घरचं पीक वाळणारच.

गिरणाकाठ | ९ जुलै, सकाळी ९:३०

वा! हे मी आता सगळ्यांना सांगणार.

सातपुडा_पायथा (चोपडा) | ९ जुलै, दुपारी १:०५

एसीएस ओव्हरराइडचा पॅच लाव. कर्नलला एक ओळ द्यायची, सगळे गट सुटे होतात. माझ्याकडे १० मिनिटांत काम झालं.

पांझरेचं_पाणी | ९ जुलै, दुपारी १:४०

सातपुडा भाऊ, तो पॅच नवा बांध घालत नाही. बांध आहे असं कागदावर लिहितो. पाणी खालून पाझरायचं ते पाझरतंच.

अमळनेरची_लेक | ९ जुलै, दुपारी २:१५

अगदी. हार्डवेअरमध्ये वेगळेपणा नसताना आहे असं कर्नलला सांगायचं, एवढंच तो पॅच करतो. म्हणून तो मूळ कर्नलमध्ये घेतलेला नाही, डेबियनच्या कर्नलमध्येही नाही. स्वतः बांधावा लागेल आणि दर अपडेटला पुन्हा बांधावा लागेल. घरी गेम खेळायला कुणी लावला तर त्याची मर्जी. पण इथे विंडोजला वेगळं ठेवणं हाच मूळ हेतू आहे. ज्या भिंतीसाठी घर बांधलं, तीच भिंत रंगवलेल्या पुठ्ठ्याची नको.

सातपुडा_पायथा | ९ जुलै, दुपारी २:३२

पटलं. माझ्या मशीनवर नुसते गेम आहेत, फुटेज असतं तर मीही लावला नसता.

वाघूरकाठ | ९ जुलै, रात्री ९:४८

यादी काढली. पूर्ण टाकत नाही, कामाचं तेवढं सांगतो. ज्या गटात कार्ड आहे त्यात हे सगळे: ३०६० चा व्हीजीए भाग, तिचाच ऑडिओ भाग, साटा कंट्रोलर (डिस्कचा), लॅन, यूएसबी कंट्रोलर आणि ४-५ पीसीआय ब्रिज. प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्स वेगळ्या गटात आहे.

गिरणाकाठ | ९ जुलै, रात्री ९:५५

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये लावलंय? वरच्या की खालच्या?

वाघूरकाठ | ९ जुलै, रात्री १०:०२

खालच्या. मे महिन्यात मशीन जोडलं तेव्हा इथे पारा ४५ च्या वर होता. वरच्या स्लॉटमध्ये कार्ड प्रोसेसरच्या पंख्याला अगदी चिकटतं. म्हटलं मधे हात जाईल एवढी जागा राहू दे, हवा खेळेल. म्हणून खाली लावलं.

गिरणाकाठ | ९ जुलै, रात्री १०:२०

सापडलं. सगळं दुखणं इथेच आहे.

बी४५० बोर्डावर वरचा मोठा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, पूर्ण १६ लेन (डेटाच्या वाटा). खालचा दिसायला तेवढाच लांब, पण बहुतेक बोर्डांवर तो चिपसेटमधून (बोर्डावरच्या मधल्या चिपमधून) येतो, तोही पीसीआय २.० आणि ४ लेनचा. साटा, लॅन, यूएसबी हे सगळं चिपसेटच्याच मागे आहे, म्हणून सगळे एका फडात. कार्ड वर हलव. ५६००जी वरच्या स्लॉटला पीसीआय ३.० च्या १६ लेन देतो, म्हणजे गट सुटेल आणि वेगही वाढेल. एकही फाइल बदलू नकोस, आधी हलव आणि नवी यादी टाक.

केळीचा_घड (रावेर) | ९ जुलै, रात्री १०:३१

उष्णतेची भीती मात्र खरी आहे. आमच्याकडे मे महिन्यात केळीची पानं करपतात, तिथे मशीनचं काय. मी कॅबिनेटच्या समोर १४० मिमीचे २ पंखे लावले आणि बाजूचं पत्र्याचं झाकण काढून जाळीचं बसवलं. फरक पडतो.

कळण्याची_भाकर (जळगाव) | ९ जुलै, रात्री १०:४४

एक सांगतो, कूलरची हवा मशीनवर सोडू नका. आमच्या प्रेसमध्ये पाण्याचा कूलर थेट टेबलावर होता. दोन उन्हाळ्यांत रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी पाय काळे पडले, खोडरबरानं घासून चालवायचो. ओली हवा आणि वर काळ्या मातीची धूळ, दोन्ही मिळून चिखलच बसतो आत. मशीनच्या खोलीला कोरडी हवा द्या, गरम असली तरी चालेल.

केळीचा_घड | ९ जुलै, रात्री १०:५०

हे मात्र सोळा आणे खरं. ता.क.: कळण्याची भाकर हे नाव वाचून आत्ता या वेळी ठेच्याची आठवण झाली, काय करावं भो.

वाघूरकाठ | १० जुलै, रात्री ११:३५

कार्ड वर हलवलं. आता त्या गटात फक्त ३०६० चे २ भाग आणि १ ब्रिज! लॅन, साटा सगळे वेगळे झाले. ३ रात्री ज्या फायलींशी झुंजलो, त्यांचा काही संबंधच नव्हता.

पण आता बूट झाल्यावर स्क्रीन काळी. ओळी पळतात, मग काही नाही.

गिरणाकाठ | १० जुलै, रात्री ११:४२

मॉनिटरची केबल कुठे आहे?

वाघूरकाठ | १० जुलै, रात्री ११:४४

कार्डाला.

गिरणाकाठ | ११ जुलै, सकाळी ६:५०

रात्री डोळा लागला, आता नीट लिहितो.

काळी स्क्रीन ही चांगली खूण आहे. कार्ड व्हीएफआयओनं धरून ठेवलंय, म्हणून लिनक्स त्यावर चित्र काढू शकत नाही. आता यजमानाला आतलं ग्राफिक्स द्यायचं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा. पहिला डिस्प्ले कोणता, तिथे आतलं ग्राफिक्स निवड. आयओएमएमयू 'ऑटो'वर सोडू नकोस, 'एनेबल्ड' कर. एसव्हीएम (व्हर्च्युअल मशीनसाठीची प्रोसेसरची सोय) चालू. सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद. मग एक केबल बोर्डाच्या एचडीएमआयला आणि दुसरी कार्डाला, एकाच मॉनिटरच्या दोन इनपुटांना. बायोसनं सुरुवातीचं चित्र कार्डावर काढलं तर कार्डाची मेमरी तिथेच अडकून बसते आणि 'बार कान्ट रिझर्व्ह' असा एरर सुरू होतो. पहिला डिस्प्ले आतला केला की ती भानगड उरत नाही.

मग बघ की कार्डाचे दोन्ही भाग व्हीएफआयओकडेच आहेत ना. 'एलएसपीसीआय' या कमांडला तपशील दाखवायला सांगितलं की प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. व्हीजीए आणि ऑडिओ दोन्हींखाली व्हीएफआयओ-पीसीआय दिसायला हवं. बहुतेक जण ऑडिओ विसरतात, आणि साउंडचा ड्रायव्हर आधी येऊन तो बळकावतो. दोन्हींचे क्रमांक (एनव्हिडियाचे १०डीई पासून सुरू होतात) मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये द्यायचे आणि इनिट्रामएफएस (बूट होताना आधी लागणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बांधायचं. ते बांधलं नाही तर फाइल बरोबर असूनही काही होत नाही. यादीतल्या ब्रिजला मात्र हात लावू नकोस, पूर्ण गट देण्याचा नियम त्याला लागत नाही, तो यजमानाकडेच राहतो.

शिरपूरचा_पोरगा | ११ जुलै, सकाळी ११:१०

मध्येच विचारतो, माफ करा. मी डिप्लोमाला आहे. माझ्या गेमिंग लॅपटॉपवर हे होईल का? व्हॅलोरंट खेळायचंय, अभ्यास लिनक्सवर.

अमळनेरची_लेक | ११ जुलै, दुपारी १२:२५

व्हॅलोरंटसाठी नको रे बाळा. त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं साधन व्हर्च्युअल मशीन ओळखतं आणि चालू देत नाही. लपवाछपवी करायला गेलास तर खातं बंद होईल. तुझ्यासाठी ड्युअल बूटच बरं.

लॅपटॉपचं वेगळंच असतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळ्या कार्डाला स्वतःची स्क्रीन जोडलेली नसते, चित्र आतल्या ग्राफिक्समधूनच बाहेर पडतं. काही ठिकाणी तर पाहुण्या विंडोजला खोटी बॅटरी दाखवावी लागते, कारण बॅटरी नाही असं दिसलं की लॅपटॉपच्या कार्डाचा ड्रायव्हर अडून बसतो. शिकायचं म्हणून करायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखादा डेस्कटॉप माग. तिथे शिकशील ते नोकरीत कामाला येईल.

शिरपूरचा_पोरगा | ११ जुलै, दुपारी १२:३१

धन्यवाद ताई. सरांना विचारतो.

कळण्याची_भाकर | ११ जुलै, सायंकाळी ६:००

माझाही एक प्रश्न जोडतो. प्रेसमध्ये जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे, त्याला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लागतं. २० वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये पडून आहेत, युनिकोडमध्ये आणायच्या तर प्रत्येक ओळ तपासावी लागेल. विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये नेलं तर डोंगल चालेल?

गिरणाकाठ | ११ जुलै, सायंकाळी ६:४५

डोंगलसाठी पीसीआयच्या भानगडीत पडायची गरज नाही. वर्च-मॅनेजर या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या साधनात 'यूएसबी होस्ट डिव्हाइस' म्हणून एकटं डोंगल जोडता येतं. आणि काका, पत्रिकेच्या कामाला तुम्हाला ग्राफिक्स कार्ड द्यायचीही गरज नाही, साधं व्हर्च्युअल मशीन पुरेल. हे सगळं व्हिडिओवाल्यांसाठी.

वाघूरकाठ | १२ जुलै, रात्री १२:२०

मंडळी, विंडोज कार्डावर उघडलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आरटीएक्स ३०६० असं नाव पाहिलं आणि घरच्यांना उठवलं.

पण दोन गोष्टी. एक, जुन्या लेखात वाचलं होतं की एरर ४३ येऊ नये म्हणून केव्हीएम लपवायचं, म्हणजे हे व्हर्च्युअल मशीन आहे हे ड्रायव्हरला कळू द्यायचं नाही, ते केलंय. ते राहू द्यायचं का? दोन, पहिल्यांदा चाललं, पण दिवसभर फुटेज कॉपी करून झाल्यावर पुन्हा सुरू करायला गेलो तर मेमरी नाही म्हणून सुरूच होईना. विंडोजला २४ जीबी दिलीय.

अमळनेरची_लेक | १२ जुलै, सकाळी ८:०५

अभिनंदन दादा!

एरर ४३ चं: पूर्वी एनव्हिडियाचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन दिसलं की जीफोर्स कार्ड चालू देत नसे, म्हणून लोक लपवायचे. २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीनंच विंडोज पाहुण्यासाठी हे उघडं केलं. आता लपवायचं कारण नाही, त्या ओळी काढून टाका. नेटवरचे लेख वाचताना तारीख बघत जा. २०२१ च्या आधीचे निम्मे सल्ले याच एका गोष्टीभोवती फिरतात.

मेमरीचं: नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनला रॅम लागेल तशी मिळते. कार्ड दिलं की तसं चालत नाही. कार्ड कधी कुठे लिहील याचा नेम नसतो, म्हणून दिलेली सगळी रॅम सुरुवातीलाच खुंटीला बांधून ठेवावी लागते, पूर्ण २४ जीबी. इकडे झेडएफएसची एआरसी कॅशे (वाचलेलं रॅममध्ये ठेवणारी) मोकळी सोडली तर तुमच्या डेबियनवर अर्ध्या रॅमपर्यंत जाते, म्हणजे १६. २४ अधिक १६ म्हणजे ४०, तुमच्याकडे ३२, आणि त्यातलीही थोडी आतल्या ग्राफिक्सनं घेतलेली. सकाळी कॅशे रिकामी होती म्हणून चाललं. कॉपी करून करून ती फुगली.

'झेडएफएस_एआरसी_मॅक्स' हे सेटिंग ४ जीबीवर बांधा. आकडा बाइटमध्ये लागतो, ४२९४९६७२९६. विंडोजला २० द्या.

पांझरेचं_पाणी | १२ जुलै, सकाळी ९:२०

आणि ६ पैकी ४ कोअर विंडोजला नेमून दे, २ लिनक्सकडे राहू दे. एका कोअरच्या दोन थ्रेडची जोडी मोडू नकोस. ५६००जी वर बहुधा ० ची जोडी ६, १ ची ७ अशी लागते, 'एलएससीपीयू'नं बघून घे. नाहीतर लिनक्स स्नॅपशॉट घ्यायला लागलं की तिकडे टाइमलाइन अडखळते.

भाऊ, आते तुनं काम व्हई गयं समज.

गिरणाकाठ | १२ जुलै, सकाळी १०:१०

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फुटेज विंडोजला दाखवणार कसं? मूळ डिस्क किंवा पूर्ण फोल्डर लिहिण्याच्या परवानगीनं देऊ नकोस. कॅमेऱ्याचं कार्ड लिनक्सवरच उतरवून घे. कच्च्या फुटेजचं फोल्डर सांबा या नेटवर्कवर फोल्डर देणाऱ्या साधनावरून विंडोजला फक्त वाचायला द्यायचं. प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्टसाठी दुसरं फोल्डर, ते लिहिण्याजोगं. म्हणजे उद्या पुन्हा तसला व्हायरस आला तरी कच्च्या फुटेजला हात लावू शकणार नाही, आणि दुसरं फोल्डर बिघडलं तर तासाभरापूर्वीचा स्नॅपशॉट आहेच. विंडोजमधला कुणीही लिनक्सचे स्नॅपशॉट पुसू शकत नाही, तो दरवाजाच त्याला दिसत नाही.

लोकोशेड (भुसावळ) | १२ जुलै, रात्री ८:३०

गाववाल्याचा धागा म्हणून पूर्ण वाचला. माझं मत थोडं वेगळं आहे. काम झालं हे छानच, पण मूळ प्रश्न होता, एक मशीन की दोन? मी म्हणतो दोन. लग्नसराईत एक पॉवर सप्लाय जळला तर तुझं स्टोरेजही बंद, एडिटिंगही बंद. गिऱ्हाईक थांबत नाही. एका इंजिनावर सगळी गाडी असेल तर बाजूला एक इंजिन उभं ठेवावं लागतं, आमच्या गावात हे कुणाला सांगायला नको.

आणि लाइट गेल्यावर काय करतोस?

वाघूरकाठ | १२ जुलै, रात्री ९:१५

यूपीएस आहे, १५ मिनिटं धरतो. तेवढ्यात हातानं बंद करतो.

अमळनेरची_लेक | १२ जुलै, रात्री ९:४०

हातावर नको दादा, तुम्ही मंडपात असाल तेव्हा लाइट गेली तर? यूपीएसची यूएसबी केबल लिनक्सला जोडा, एनयूटी नावाचं साधन बॅटरी खाली आली की मशीन नीट बंद करतं. लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये एक तपासा: यजमान बंद होताना पाहुण्याचं काय करायचं, तिथे 'शटडाऊन' असायला हवं, 'सस्पेंड' नव्हे. खरं कार्ड दिलेलं मशीन जसंच्या तसं गोठवून डिस्कवर ठेवता येत नाही, कारण कार्डाच्या पोटात काय चाललंय ते लिबव्हर्टला साठवता येत नाही. विंडोजला बंद व्हायला २-३ मिनिटं मिळतील असा वेळही तिथेच ठेवा.

केळीचा_घड | १२ जुलै, रात्री १०:००

लुकिंग ग्लासबद्दल कुणी बोललं नाही. त्यानं विंडोजचं चित्र लिनक्सच्या खिडकीत दिसतं, मॉनिटरचं इनपुट बदलावं लागत नाही. १०८० रिझोल्यूशनसाठी ३२ एमबीची सामायिक मेमरी पुरते. कार्डाला मॉनिटर नसेल तर एचडीएमआयचा डमी प्लग लावायचा, नाहीतर कार्डाला वाटतं स्क्रीनच नाही.

वाघूरकाठ | १३ जुलै, रात्री ११:१०

लुकिंग ग्लास नंतर बघेन. रंग बघायचे तर मॉनिटर थेट कार्डालाच हवा, शालूचा हिरवा आणि नवरीच्या मळवटाचा लाल डोळ्यांना जसा दिसतो तसा यायला पाहिजे.

एआरसी ४ वर बांधली, विंडोज २० वर, कोअर वाटून दिले. आज साकेगावच्या एका साखरपुड्याचं २२ मिनिटांचं काम पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्ये केलं. टाइमलाइन कुठे अडली नाही. एक्स्पोर्ट चालू असताना कार्डाचे पंखे वाढलेले ऐकू येत होते आणि दुसऱ्या इनपुटवर लिनक्स शांत बसलेलं, तासाचा स्नॅपशॉट घेतला तरी काही जाणवलं नाही. वरच्या स्लॉटमध्ये कार्ड ७१ अंशांवर थांबलं. झाकणाला जाळी करायला टाकलीय.

मग एक चाचणी घेतली. विंडोजमधून कच्च्या फुटेजचं फोल्डर निवडलं आणि डिलीट दाबलं. परवानगी नाही म्हणाला. एक्स्पोर्टचं फोल्डर मुद्दाम पूर्ण पुसलं, लिनक्सवर जाऊन १० वाजताचा स्नॅपशॉट उघडला, सगळ्या फायली जागेवर. हे चारदा करून पाहिलं. काल आलेला माझा पुतण्या विचारत होता, काका सारखं पुसून पुन्हा का आणताय?

@लोकोशेड, तुमचं म्हणणं डोक्यात बसलंय. दुसरं नवीन मशीन या वर्षी झेपणार नाही. पण जुनं विंडोजचं मशीन आहे, तेच ज्यात व्हायरस आला होता. ते विकायला काढलं होतं.

लोकोशेड | १४ जुलै, सकाळी ७:१५

विकू नकोस. त्याची डिस्क बदल, त्यावरही डेबियन टाक आणि रोज रात्री झेडएफएसचे स्नॅपशॉट तिकडे पाठव. पहिल्या वेळी सगळं जातं, मग 'झेडएफएस सेंड'ला मागच्या स्नॅपशॉटपासूनचं पाठव म्हटलं की फक्त बदललेलं जातं, रात्रभरात होऊन जाईल. ते मशीन दुकानात नको, घरी ठेव. आणि पॉवर सप्लाय एक जास्तीचा घेऊन ठेव, तुळशीच्या लग्नाआधी. त्यानंतर दुकानात उभं राहायला जागा नसते.

वाघूरकाठ | १४ जुलै, सकाळी ७:४०

चालेल. घरी वरच्या खोलीत कोरडी जागा आहे. रविवारी डिस्क घेतो. सप्लाय ६५० वॅटचाच घेऊ ना, आहे तसाच?

लोकोशेड | १४ जुलै, सकाळी ७:४४

तोच घे, त्याच कंपनीचा त्याच मॉडेलचा. म्हणजे आतल्या केबली न काढता नुसता डबा बदलता येतो. केबली दुसऱ्या मॉडेलच्या कधी लावू नकोस, तारांचा क्रम वेगळा निघाला तर डिस्क जळतात.